वाचनासाठी रकाना नाही

कंपनीच्या वहीत लिहायचं असतं:
गोळ्या, अंघोळ, नाश्ता, मूड.
वेळ पंचेचाळीस मिनिटं.
सिरिल गारसाइड, वय एक्क्याण्णव, मोरकम,
समुद्राकडे तोंड केलेल्या ओळीतलं शेवटून दुसरं घर.
दोन्ही डोळ्यांच्या मधोमध काळा डाग
आणि चारी भिंतींना पुस्तकं.

पहिल्या दिवशी मी त्यांना औषधाच्या खोक्यातला कागद वाचून दाखवला.
'क्वचित मळमळ संभवते.'
म्हणाले, "क्वचित आणि संभवते, दोन्ही कशाला?
एकात भागलं असतं."
तेव्हाच ओळखलं, हा माणूस जन्मभर
लोकांची वाक्यं सोलत बसला असणार.

मँचेस्टरच्या पेपरात एकतीस वर्षं,
दर शुक्रवारी सहाशे शब्द.
"कवी गुरुवारी रात्री झोपत नसत,"
असं सांगून लगेच हवेत हात फिरवायचे, फळा पुसावा तसा:
"अतिशयोक्ती आहे, सोडून दे."
वडील कोळी. ओहोटीला घोडागाडी घालून
मैलभर आत, चिखलात,
आणि परत आल्यावर परसात कोळंबी चाळायची.
बारीक ती पुन्हा पाण्यात.
"चाळताना ते बोलत नसत.
मी बोललो. त्याचे पैसे मिळाले."

बुटांच्या खोक्यात कात्रणं होती.
"काढ कुठलंही. वाच."
मी वाचायची आणि ते ऐकायचे,
कुणा परक्याचं ऐकावं तसं.
"गर्विष्ठ आहे हा."
"हे बरंय, पण यात पुस्तक कुठंय?"

मग सदुसष्ट सालचा एक कपटा निघाला,
वेल्समधल्या कुणा शाळामास्तरणीचा पहिला संग्रह.
'या पुस्तकातला सर्वांत प्रामाणिक मजकूर
म्हणजे छापखान्याचा पत्ता.'
मला हसू फुटलं. त्यांनाही.
त्यांचं आधी थांबलं.

"दुसरं पुस्तक आलंच नाही तिचं.
खिडकीपाशी, खालून तिसरा कप्पा. हिरवं. पातळ."
होतं.

मी माझ्या सांगलीकडच्या इंग्रजीत वाचत गेले.
काही कविता खरंच वाईट होत्या, खोटं कशाला बोलू.
एकतिसाव्या पानावर आईचे ओले मोजे
शेगडीपुढे वाळत घातलेत, त्यांतून वाफ निघते,
आणि आई घरात नाही.
बस्स, एवढंच.
"पुन्हा," ते म्हणाले.
पाच वेळा वाचलं.
पुढच्या घरी मिसेस पॉसलथ्वेट जेवणासाठी खोळंबल्या होत्या,
फोन खिशात थरथरत होता.

"त्या दिवशी गुरुवार होता.
सहाला मजकूर द्यायचा.
मी विसाव्या पानापर्यंत गेलो होतो."

पत्र सांगितलं त्यांनी, मी लिहून घेतलं.
पहिला खर्डा दोन पानी.
दुसऱ्यात त्यांची दृष्टी गेली, म्हणजे तिचा उल्लेख गेला.
तिसऱ्यात लग्न, गुरुवार, संपादक, सगळं गेलं.
चौथ्यात उरलं:
पान एकतीस मी वाचलं नव्हतं. आता ऐकलं.
खाली सही, ओळीबाहेर उतरलेली.

पाठवायचं कुठं?
प्रकाशक बुडालेला, बाई आहे की नाही ठाऊक नाही.
पुस्तकभर शोधून एकच पत्ता सापडला,
पहिल्या पानामागं, तळाशी, बारीक टायपात.
मी तो मोठ्यानं वाचला.
बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
"घाल तोच," ते म्हणाले.

त्या जागी आता गालिच्यांचं दुकान आहे.
मी फोनवर पाहिलं होतं.
त्यांना सांगितलं नाही.

निघताना वही उघडली.
गोळ्या दिल्या. नाश्ता अर्धा.
वाचनासाठी रकाना नाही.
"मूडपुढे काय लिहिलंस?" खुर्चीतून आवाज आला.
म्हटलं, "शांत."
"विशेषण," ते म्हणाले. "खोड."